ओठाला ओठ न लावता रामायण : बारामतीच्या मोरोपंतांनी आपल्या आर्यांमध्ये काय काय दडवलं होतं?

एक छोटा प्रयोग करून बघा. मोठ्याने ‘राम’ म्हणा. शब्द संपताना दोन्ही ओठ मिटले ना? आता ‘भरत’ म्हणा, ‘लक्ष्मण’ म्हणा, ‘मारुती’ म्हणा. प्रत्येक वेळी ओठाला ओठ लागणारच. कारण प, फ, ब, भ आणि म ही पाच अक्षरं ओठ मिटल्याशिवाय उच्चारता येत नाहीत. व्याकरणात त्यांना ओष्ठ्य म्हणतात.

आता समजा, तुम्हाला कुणी सांगितलं की ही पाच अक्षरं एकदाही न वापरता अख्खं रामायण लिहून दाखवा. म्हणजे ज्याची गोष्ट सांगायची, त्याचंच नाव घ्यायचं नाही.

साधारण अडीचशे वर्षांपूर्वी बारामतीत राहणाऱ्या एका माणसाने हे केलं. त्या काव्याला म्हणतात निरोष्ठ रामायण. आणि या माणसाने रामायण एकदाच लिहिलं नाही. परंपरेने त्याच्या नावावर 108 रामायणं सांगितली जातात.

त्याचं नाव मोरेश्वर रामजी पराडकर. शाळेच्या पुस्तकात तुम्ही ते मोरोपंत किंवा मयूरपंत असं वाचलं असेल. आर्या नावाच्या वृत्तावर त्यांचा एवढा हात बसला होता की ज्ञानेश्वरांची ओवी, तुकोबांचा अभंग आणि मोरोपंतांची आर्या अशी जोडीच लागली.

पण बहुतेकांची ओळख तिथेच थांबते. कारण पंतांची आर्या उघडली की पहिल्या वाचनात काही कळत नाही. शब्द मराठी, वळण संस्कृत, दोन ओळींत चार नावं, तीच तीन अक्षरं तीन ठिकाणी आणि दर वेळी अर्थ वेगळा. सांकेतिक भाषेतला निरोप हाती आला आणि किल्ली हरवली, असं वाटतं.

ती किल्ली काय होती, हे कळायला पंतांचं पोट कशावर चालायचं हे आधी बघावं लागतं.

पराडकरांचं घराणं मूळचं कोकणातलं, राजापूरकडच्या सौंदळचं. मोरोपंतांचा जन्म 1729 चा, पन्हाळगडावरचा. वडील रामाजीपंत तिथे नोकरीला होते. गडावरच केशव पाध्ये आणि गणेश पाध्ये या विद्वानांकडे मोरोपंतांचं शिक्षण झालं. संस्कृत काव्य, व्याकरण, अलंकार असा तो अभ्यास होता. पुढे रामाजीपंत बारामतीला आले आणि विशीतले मोरोपंतही पाठोपाठ आले. मग मरेपर्यंत बारामती सुटली नाही.

त्या काळची बारामती म्हणजे बाबूजी नाईक जोशी यांची बारामती. हा माणूस साधासुधा सावकार नव्हता. थोरल्या बाजीरावाला कर्ज देणाऱ्यांपैकी तो एक. बाजीरावाची बहीण भिऊबाई बाबूजींच्या भावाला, आबाजी नाईकांना दिलेली. 1740 मध्ये बाजीराव वारला, तेव्हा रघूजी भोसल्यांनी पेशवेपदासाठी याच बाबूजी नाईकांचं नाव पुढे केलं होतं. शाहू महाराजांनी वस्त्रं बाजीरावाच्या मुलाला, नानासाहेबाला दिली म्हणून, नाहीतर पेशवाईची गादी कऱ्हेकाठी आली असती. आजही बारामतीत बाबूजी नाईकांचा वाडा उभा आहे.

या नाईकांकडे मोरोपंत पुराणिक होते.

पुराणिकाचं काम काय, तर पोथी उघडायची, त्यातला एक संस्कृत श्लोक घ्यायचा आणि तो समोरच्या माणसांना उलगडून सांगायचा. कोण कुणाचा मुलगा, शाप कुणी दिला, या विशेषणामागे कोणती गोष्ट आहे, इथे हा शब्द दोन अर्थांनी कसा आलाय. एका श्लोकावर तासभर बोलणं ही त्या धंद्यात नवलाची गोष्ट नाही. म्हणजे दाबून ठेवलेला मजकूर रोज उलगडून दाखवणं, हे पंतांच्या पोटापाण्याचं काम होतं.

आणि उरलेल्या वेळात ते बरोबर उलटं काम करायचे. पसरलेली गोष्ट घ्यायची आणि दाबून दाबून दोन ओळींत बसवायची.

दोन ओळी म्हणजे किती जागा? मराठीत ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घ अक्षराची दोन. ‘बारामती’ मोजून बघा : बा दोन, रा दोन, म एक, ती दोन. सात मात्रा. ‘इंदापूर’ मोजा : इं दोन, दा दोन, पू दोन, र एक. त्याही सात. आर्येच्या पहिल्या चरणात जागा असते 12 मात्रांची. म्हणजे बारामती आणि इंदापूर ही शेजारची दोन गावंसुद्धा त्यात एकत्र मावत नाहीत! दुसऱ्या चरणाला 18, तिसऱ्याला पुन्हा 12 आणि चौथ्याला 15. चौथ्यातही 18 घेतल्या की तिला गीती म्हणतात, आणि आपण ज्यांना मोरोपंतांच्या आर्या म्हणतो, त्या बहुतेक या गीतीच आहेत. एकूण मात्रा 60. अक्षरं धरली तर साधारण चाळीसच्या आसपास. एका ट्वीटच्या कितीतरी आत.

या मापात त्यांनी अख्खं महाभारत बसवलं. व्यासांचं महाभारत लाख श्लोकांचं मानलं जातं आणि एका श्लोकात 32 अक्षरं असतात. मोरोपंतांचं आर्याभारत सुमारे 17 हजार आर्यांचं आहे. गुणाकार केला तर 32 लाख अक्षरांची गोष्ट सात लाखांच्या आसपास आली. मूळ आकाराच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्यात.

आता मोबाइलमधून मोठी फाइल पाठवायची असेल तर आपण ती झिप करतो. झिप करताना एक साधी युक्ती वापरलेली असते : जे पुन्हा पुन्हा येतं, ते दर वेळी पूर्ण लिहायचं नाही, त्याच्या जागी छोटी खूण ठेवायची. पाठवणाऱ्याला आणि उघडणाऱ्याला त्या खुणेचा अर्थ ठाऊक असला की झालं. पंतांच्या खुणा म्हणजे नावं आणि समास. अर्जुनाला अर्जुन न म्हणता त्या प्रसंगात नेमकं बसणारं एखादं नाव वापरायचं. पार्थ म्हटलं की आई आठवते, धनंजय म्हटलं की पराक्रम आठवतो, गुडाकेश म्हटलं की झोप जिंकलेला माणूस. तीन-चार अक्षरांत एक अख्खी उपकथा. चार शब्दांचा समास केला की मधले प्रत्यय गळतात, तेवढ्या मात्रा वाचतात.

फरक एवढाच की झिप फाइल उघडली की मूळ मजकूर जसाच्या तसा परत मिळतो. पंतांची आर्या उघडायला समोर महाभारत आधीच ऐकलेला माणूस लागतो. अठराव्या शतकातल्या बारामतीत, वाड्यातल्या पुराणाला बसणाऱ्या मंडळींना ती गोष्ट लहानपणापासून पाठ होती. किल्ली घरोघरी होती, म्हणून कुलूप कितीही अवघड केलं तरी चालत होतं.

आणि अवघड करायची पंतांना हौसच होती. जपमाळेत मणी 108, म्हणून रामायणंही 108. आज त्यातली सगळी मिळत नाहीत, पण नव्वदीच्या आसपास मिळतात. प्रत्येकात काहीतरी वेगळा नियम. कधी वृत्त बदलायचं, कधी लांबी. लघुरामायण आहे, ओवी रामायण आहे, अभंग रामायण आहे, विद्युन्माला नावाच्या वृत्तातलं आहे. दामरामायण आहे. दाम म्हणजे दोरी किंवा माळ. एका चरणाच्या शेवटची अक्षरं पुढच्या चरणाच्या सुरुवातीला पुन्हा येतात, अशी ती माळ. अंताक्षरीचा आजोबाच म्हणा.

मग मंत्ररामायण. ‘श्रीराम जय राम जय जय राम’ या मंत्राची 13 अक्षरं मोजा. ही अक्षरं पंतांनी काव्यात ओळीने गुंफली. वरून वाचणाऱ्याला रामाची गोष्ट दिसते आणि ज्याला गुपित ठाऊक आहे, त्याचा वाचता वाचता जप होतो. मंत्रभागवतात हाच खेळ कृष्णाच्या 12 अक्षरी मंत्राचा, ‘ॐ नमो भगवते वासुदेवाय’चा.

या लपवाछपवीचा एक व्यवहारी फायदाही होता. छापखाना नव्हता. पोथी पसरायची ती हाताने नक्कल करून, आणि जुन्या पोथ्यांत दोन शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नसे. अक्षरांची एक सलग रांग. नक्कल करणारा एखादं अक्षर सहज गाळायचा किंवा शब्द चुकीच्या जागी तोडायचा. गद्यात अशी चूक लपून जाते. आर्येत मात्र एक अक्षर पडलं की मात्रांचा हिशोब चुकतो आणि म्हणताना ठेच लागते. मंत्राचं अक्षर पडलं तर मंत्रच तुटतो. आज आधारच्या क्रमांकात एखादा आकडा चुकला की मशीनला कळावं अशी सोय केलेली असते, तसंच काहीसं हे. पंतांनी हे मुद्दाम त्यासाठी केलं असं नाही. नियम पाळणाऱ्या कवितेबरोबर ते आपोआप येतं.

या सगळ्यांत कमाल अर्थातच निरोष्ठ रामायणाची. कागद-पेन घेऊन बसलात तर नियम किती जाचक आहे ते लगेच कळतं. राम गेला. लक्ष्मण गेला, भरत गेला, हनुमान गेला, सुमित्रा गेली. बिभीषण आणि कुंभकर्ण गेले. वाचलं कोण? सीता, दशरथ, कैकेयी, कौसल्या, शत्रुघ्न, जटायू. आणि गंमत म्हणजे रावण. नायकाचं नाव बंद आणि खलनायकाचं चालू! रामाला बोलावायचं तर राघव, दाशरथी, जानकीनाथ, रघुराज अशा आडवाटांनी जायचं. ‘बाण’ म्हणायचं नाही, शर म्हणायचं. ‘पिता’ नाही, तात चालेल. ‘भाऊ’ नाही, ‘बंधू’ नाही, सहोदर चालेल. युद्धात कुणी मेला असं म्हणायचीसुद्धा सोय नाही. ‘म’ आला ना.

कवीची स्वतःची अवस्था तर अजून बिकट. मोरोपंत हे नाव बसत नाही. मयूर बसत नाही. मोरेश्वर, रामाजी, पराडकर, बारामती, बाबूजी : एकही नाही. या एका काव्यापुरता हा माणूस स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव आणि धनी सगळं बाहेर ठेवून आत शिरला.

ही कल्पना त्यांची स्वतःची मात्र नव्हे. दंडी नावाच्या संस्कृत लेखकाने दशकुमारचरितात एक अख्खा भाग ओष्ठ्य अक्षरांशिवाय लिहिलाय. कारण काय, तर गोष्ट सांगणाऱ्या राजपुत्राचे ओठ प्रेयसीच्या चावण्याने दुखावलेत, त्याला ते मिटता येत नाहीत. पंत हे सगळं पन्हाळ्यावर शिकूनच आले होते. फ्रान्समध्ये जॉर्ज पेरेक याने 1969 मध्ये ‘ई’ हे अक्षर न वापरता अख्खी कादंबरी लिहिली, तिचं जगभर कौतुक होतं आणि ते व्हायलाच हवं. पण तो प्रयोग माहीत असलेल्या मराठी वाचकाला बारामतीचा प्रयोग माहीत नसतो, हे जरा खटकतं.

आता प्रश्न असा की ही नुसती कसरत होती का? टीकाकारांनी तसं म्हटलंय. यमकं जुळवणारा कवी, भावनेपेक्षा कारागिरी जास्त, असा ठपका पंतांवर आहे आणि तो अगदीच खोटा नाही. 108 वेळा तीच गोष्ट सांगताना काही ठिकाणी फक्त नियम उरतो, कविता उरत नाही. आर्याभारतातली युद्धं वाचताना मात्र तसं वाटत नाही. तिथे जागा कमी असल्यामुळे प्रसंग झपाझप पुढे सरकतो.

शिवाय पंतांना स्वतःला या कोंडलेल्या कवितेची अडचण कळत असावी. ती लोकांपर्यंत न्यायला उघडून दाखवणारा माणूस लागतो. असा माणूस सोलापूरकडून आला.

त्याचं नाव राम जोशी. 1947 चा ‘लोकशाहीर रामजोशी’ हा सिनेमा ज्यांनी पाहिलाय, त्यांना तो ठाऊक असेल. ब्राह्मणाचा मुलगा, संस्कृत शिकलेला, पण डफ-तुणतुण्याच्या नादाला लागून तमाशात लावण्या म्हणणारा. सोलापूरहून पुण्याच्या वाटेवर इंदापूर लागतं, तिथून बारामती फार लांब नाही. परंपरा असं सांगते की बारामतीत मोरोपंतांनी राम जोशींची लावणी ऐकली, त्यांच्या भाषेवर खूश झाले आणि ही वाणी कीर्तनात वापरावी असं त्यांना सुचवलं. राम जोशी कीर्तनाकडे वळले आणि पंतांच्या आर्या घेऊन गावोगाव उभे राहिले.

मोठ्या वयाच्या पुराणिकाने तमासगिराला दाद द्यावी, हे त्या काळात सोपं नव्हतं. पण त्यात पंतांचा फायदाही होता. वाड्यातल्या चार माणसांसाठी लिहिलेली आर्या आता देवळाच्या ओट्यावर पोचली. कीर्तनकार एक आर्या म्हणायचा, थांबायचा, एकेक शब्द सोडवायचा, मध्ये एखादी गोष्ट, एखादा विनोद, आणि मग तीच आर्या पुन्हा. दुसऱ्यांदा ऐकताना ती लोकांना समजलेली असायची. पुढे कित्येक पिढ्या कीर्तनकारांच्या आख्यानात पंतांच्या आर्या हमखास असायच्या. न शिकलेल्या माणसांनाही त्या पाठ असत, ते असं.

उतारवयात पंत काशीयात्रा करून आले. आणि याच वयात त्यांनी त्यांचं सगळ्यात वेगळं काव्य लिहिलं, केकावली. सुमारे 120 श्लोक, 17 अक्षरी चरणाच्या पृथ्वी वृत्तात. इथे कथा नाही, पात्रं नाहीत. एक म्हातारा माणूस देवाशी बोलतोय, विनवतोय, मध्येच भांडतोय, तू इतरांना तारलंस मग मी काय केलं असं विचारतोय. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गोष्टी दाबून भरणाऱ्या कवीने शेवटी स्वतःचं म्हणणं मांडलं.

तरी सवय कुठे जाते? काव्याचं नावच बघा. केका म्हणजे मोराचा टाहो. आवली म्हणजे रांग. मोर कुणाला हाक मारतो, तर काळ्या ढगाला. आणि पंतांचा देव सावळा, मेघासारखा. मोर म्हणजे अर्थातच स्वतः मोरोपंत. म्हणजे कवीची सही, त्याची तगमग आणि ज्याला हाक मारायची त्याचा रंग, हे सगळं चार अक्षरांच्या एका शब्दात.

15 एप्रिल 1794 रोजी, चैत्री पौर्णिमेला, बारामतीत मोरोपंत वारले. दोन महिने आधी महादजी शिंदे गेले होते. चोवीस वर्षांनी पेशवाईच संपली.

आणि तिथून किल्ली हरवायला सुरुवात झाली. इंग्रजी शाळा आल्या. नव्या पोरांना मिल्टन माहीत होता, पण आर्येतल्या एका नावामागची गोष्ट माहीत नव्हती. 1854 मध्ये परशुरामपंत गोडबोले यांनी ‘नवनीत’ हा जुन्या मराठी कवितांचा संग्रह काढला, त्यातून मोरोपंत शाळेत पोचले. पण पुस्तक हातात येणं वेगळं आणि उलगडणं वेगळं.

ते काम अंगावर घेतलं दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी. हेच ते दादोबा, ज्यांनी 1836 मध्ये मराठीचं व्याकरण लिहिलं. जातिभेद मोडायला निघालेल्या परमहंस सभेच्या संस्थापकांपैकीही हेच. मूर्तिपूजा न मानणारा हा सुधारक एका पुराणिकाच्या भक्तिकाव्यासमोर बसला आणि केकावलीची प्रत्येक गाठ सोडवत गेला : हा समास असा फोडा, इथे अन्वय असा लावा, या शब्दामागे ही पुराणकथा आहे. 1865 मध्ये आलेल्या या टीकेला त्यांनी आईवडिलांची नावं दिली, यशोदा-पांडुरंगी. पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत मोरोपंतांची बाजू मांडत लांबलचक लेखन केलं. ल. रा. पांगारकरांनी 1908 मध्ये पंतांचं मोठं चरित्र लिहिलं. पंत मेल्यावर शंभर वर्षांनीही त्यांच्या दोन ओळींवर माणसं पानं भरत होती. पुराणिकाचंच काम, फक्त आता ते छापून होत होतं.

आज दरवर्षी तुकोबांची पालखी बारामतीत मुक्काम करते आणि पुढे इंदापूरमार्गे पंढरीला जाते. अभंग म्हणत जाणाऱ्या त्या गर्दीला किल्ली लागत नाही, तुकोबांनी कुलूपच लावलं नव्हतं. मोरोपंत मात्र अभ्यासकांकडे आणि मोजक्या कीर्तनकारांकडे उरलेत. त्यांची केकावली वाचायची तर शेजारी दादोबांची टीका घेऊनच बसावं लागतं.

निरोष्ठ रामायण तपासायला मात्र टीका लागत नाही, संस्कृतही यावं लागत नाही. आरशासमोर उभं राहून मोठ्याने वाचायचं. कुठे ओठ मिटलेच, तर छापणाऱ्याची चूक झालीय. नाहीतर पंत सापडले!